डीएनएचे धागे किती? चला, चपला मोजू!

घाटकोपरच्या एका चाळीत गणपतीची आरती चालली आहे. दाराबाहेर ही चपलांची रास! आत न डोकावता तुम्ही नुसत्या चपला मोजल्यात. डाव्या ३५, उजव्याही ३५. म्हणजे चपला जोडीजोडीनं आल्यात, हो ना?

डीएनएचं कोडं सुटलं त्यातही अशीच एक मोजणी होती. डीएनएमध्ये ए, टी, जी आणि सी अशी चार रसायनं असतात. १९५०च्या सुमारास एर्विन शारगाफ यांनी ती वेगवेगळी करून मोजली. माणसाच्या डीएनएत ए जवळजवळ ३० टक्के, टीही तितकंच. जी २० टक्के, सीही तितकंच. पण असं का, ते काही कळेना.

मग डीएनएचे धागे किती? लायनस पॉलिंग हे जगातले मोठे रसायनशास्त्रज्ञ. १९५३च्या फेब्रुवारीत ते म्हणाले, तीन! पण ते चुकले. तिकडे लंडनमध्ये रोझलिंड फ्रँकलिन आणि रेमंड गॉसलिंग यांनी डीएनएचे क्ष-किरण फोटो काढले होते. त्या पुराव्याच्या आधारे वॉटसन आणि क्रिक या शास्त्रज्ञांनी २५ एप्रिल १९५३ रोजी उत्तर छापलं: धागे दोन, एकमेकांभोवती वळलेले. एका धाग्यावर ए असेल तर समोर टी, जी असेल तर समोर सी. जुळली की नाही चपलांची जोडी? शिवाय दोन्ही धाग्यांच्या दिशा उलट. मुलुंडला नाही का, एका रुळावरची लोकल कल्याणकडे आणि शेजारची सीएसएमटीकडे!

आता गंमत ऐका. १९५९मध्ये रॉबर्ट सिन्सहायमर यांनी एका चिमुकल्या विषाणूचा डीएनए मोजला. ए कमी, टी कितीतरी जास्त! जोड्या लागेचनात. कारण त्याचा धागा होता एकटाच!

मग आपल्या पेशींत दोन धागे कशाला? एक चप्पल हरवली तरी उरलेली पाहून चांभारकाका तिची जोडीदार बनवू शकतात. पेशी दुभंगण्याआधी डीएनएचे धागेही सुटे होतात आणि प्रत्येक धागा पाहून त्याचा नवा जोडीदार विणला जातो. तुमचं खरचटलेलं ढोपर भरून येतं, तेव्हाही हेच चाललेलं असतं!