मुलांचे मानसिक स्वास्थ्य आणि धोक्याचे घटक

एकाच घरात वाढलेल्या दोन भावंडांपैकी एक निर्धास्तपणे मोठे होते आणि दुसरे सतत भयभीत, चिडखोर किंवा उदास राहते, असे पुष्कळदा दिसून येते. अशा मुलाविषयी निर्णय देणे लोकांना सोपे वाटते. कोणी दोष आनुवंशिकतेला देतात, कोणी आईच्या लाडांना, तर कोणी गरिबीला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेल्या पद्धतशीर पाहण्यांवरून मात्र असे आढळून आले आहे, की बालमनोविकारांचे एकच एक कारण क्वचितच सापडते. अनेक प्रतिकूल गोष्टी एकत्र येऊन त्यांचा भार मुलाच्या सहनशक्तीबाहेर जातो, तेव्हा विकार उद्भवण्याचा संभव वाढतो. अशा प्रतिकूल गोष्टींना ‘धोक्याचे घटक’ असे म्हणतात.

धोक्याचा घटक म्हणजे काय?

विषमज्वराला विशिष्ट जंतू लागतो. त्यावाचून तो रोग होत नाही. मनोविकारांचे तसे नाही. धोक्याचा घटक असूनही मूल निरोगी राहू शकते आणि तो नसूनही एखादे मूल आजारी पडू शकते. हा घटक केवळ संभव दर्शवितो. भविष्य सांगत नाही.

या घटकांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग मुलाच्या स्वतःच्या प्रकृतीचा. आनुवंशिक प्रवृत्ती, जन्मतःच असणारा स्वभाव, अपस्मारासारखे मेंदूचे विकार, दीर्घकालीन आजार आणि वाचन-लेखनातील विशेष अडचणी यांचा त्यात समावेश होतो. दुसरा वर्ग कुटुंबाचा. आईबापांतील तीव्र कलह, त्यांचे मानसिक आजार किंवा व्यसन, मुलाची उपेक्षा व मारझोड या गोष्टी त्यात येतात. तिसऱ्या वर्गात दारिद्र्य, दाटीवाटीची वस्ती, शाळेतील छळ, भेदभाव आणि विस्थापन ही सामाजिक संकटे येतात.

दोन वस्त्यांची तुलना

हे घटक प्रत्यक्षात कसे कार्य करतात, हे इंग्लंडमधील एका प्रसिद्ध पाहणीने दाखवून दिले. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ आइल ऑफ वाइट नावाचे बेट आहे. मायकेल रटर, जॅक टिझर्ड आणि किंग्सले व्हिटमोर यांनी १९६४ व १९६५ या वर्षांत तेथील मुलांची पाहणी केली. रुग्णालयात आलेल्या मोजक्या मुलांवर विसंबून न राहता त्यांनी संपूर्ण बेटावरील विशिष्ट वयाची मुले अभ्यासली आणि पालक व शिक्षक या दोघांकडूनही माहिती मिळविली. १० व ११ वर्षे वयाच्या मुलांपैकी सुमारे ७ टक्के मुलांत मनोविकाराची लक्षणे आढळली. मेंदूच्या विकाराने पीडित असलेल्या मुलांत मात्र हे प्रमाण जवळजवळ एक-तृतीयांश होते. वाचनात फार मागे पडलेल्या मुलांत वर्तनदोषही इतरांपेक्षा पुष्कळ अधिक दिसले.

पुढे अशाच पद्धतीने लंडन शहराच्या अंतर्भागातील एका वस्तीची पाहणी झाली, तेव्हा तेथे विकारांचे प्रमाण बेटाच्या सुमारे दुप्पट निघाले. शहरातील मुलांचे मन मुळातच दुबळे होते काय? तसे नव्हते. कौटुंबिक कलह, आईबापांचे आजार, दाटी यांसारख्या ज्या गोष्टी बेटावरील मुलांना बाधक ठरत होत्या, त्याच शहरात अधिक घरांत आढळत होत्या. दोन्ही ठिकाणच्या फरकाचा मोठा भाग एवढ्यावरूनच उलगडला.

संकटांची बेरीज नव्हे, गुणाकार

याच संशोधनातून रटर यांनी सहा कौटुंबिक घटक निवडले : पतिपत्नींमधील तीव्र बेबनाव, निम्न सामाजिक स्तर, मोठे कुटुंब वा घरातील दाटी, पित्याची गुन्हेगारी, मातेचा मानसिक आजार आणि मुलाला घराबाहेर संस्थेच्या देखरेखीखाली ठेवावे लागणे. यांपैकी केवळ एकच घटक असलेल्या मुलांत विकाराचे प्रमाण, कोणताही घटक नसलेल्या मुलांपेक्षा अधिक नव्हते. दोन घटक एकत्र येताच धोका सुमारे चौपट झाला, आणि चार किंवा अधिक घटक असलेल्या मुलांत तो आणखी कित्येक पटींनी वाढला.

या निष्कर्षाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. आई आजारी आहे किंवा घर गरीब आहे एवढ्यावरूनच मूल बिघडणार असे मानणे चुकीचे ठरते. तसेच, सर्व संकटे दूर करता येत नाहीत म्हणून हात बांधून बसणेही चुकीचे ठरते. मुलावरील भारातून एखादे ओझे उतरविले, तरी उरलेली ओझी पेलणे त्याला शक्य होते.

कौआई बेटावरील मुले

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने एमी वेर्नर आणि रूथ स्मिथ यांच्या अभ्यासात दिसते. प्रशांत महासागरातील हवाई द्वीपसमूहात कौआई हे बेट आहे. १९५५ साली तेथे जन्मलेल्या ६९८ मुलांची जन्मापूर्वीपासून नोंद ठेवण्यात आली आणि वयाच्या १, २, १०, १८, ३२ व ४० व्या वर्षी त्यांची पुन्हा पाहणी करण्यात आली. अनेकांचे आईबाप ऊस व अननसाच्या मळ्यांत राबणारे होते. ज्या मुलांच्या वाट्याला दोन वर्षांच्या आतच चार किंवा अधिक प्रतिकूल घटक आले, त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मुलांना पुढे शिक्षणात, वर्तनात किंवा मानसिक स्वास्थ्यात गंभीर अडचणी आल्या. परंतु उरलेली एक-तृतीयांश मुले कर्तबगार आणि मायाळू प्रौढ झाली.

ही मुले कशामुळे तरली? त्यांना निदान एका तरी स्थिर मनाच्या माणसाचा निकटचा आधार लाभला होता. तो आईबापांपैकीच कोणाचा असे असे नाही. आजी, आजोबा, मावशी किंवा थोरले भावंडही तो देऊ शकले. शाळेत विश्वास टाकावा असा एखादा शिक्षक त्यांना भेटला होता. त्यांना बऱ्यापैकी वाचता येत होते, एखाद्या छंदात त्यांचे मन रमत होते आणि घरात त्यांच्यावर काही जबाबदारी सोपविलेली होती. अशा गोष्टींना ‘तारक घटक’ म्हणता येईल. याहून आशादायक बाब अशी, की किशोरवयात वाट चुकलेल्यांपैकीही बहुतेक जण पुढे शिक्षण, नोकरी किंवा सुखी विवाहाच्या आधाराने तिशी-चाळिशीपर्यंत सावरले.

भारतातील स्थिती आणि शाळेचे कार्य

भारतात २०१५-१६ मध्ये बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. तीत १३ ते १७ वर्षे वयाच्या मुलांत मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. पन्नास विद्यार्थ्यांच्या वर्गात तीन-चार मुले, असा याचा ढोबळ अर्थ होतो.

ही मुले ओळखणे नेहमी सोपे नसते. दंगा करणारा मुलगा ताबडतोब नजरेत भरतो. मुकाट्याने झुरणारी मुलगी ‘शांत व गुणी’ ठरते. आइल ऑफ वाइटवरील मुले १४-१५ वर्षांची झाल्यावर त्यांची पुन्हा पाहणी झाली. त्या वेळी पुष्कळांनी आपल्या मनातील खिन्नता स्वतः सांगितली, परंतु त्यांच्या आईबापांना व शिक्षकांना तिची फारशी जाणीव नव्हती. म्हणून किशोरवयीन मुलाचे मन जाणण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे त्याला एकांतात, न रागावता विचारणे आणि त्याचे म्हणणे ऐकून घेणे, हा होय.

अनेक आठवडे टिकणारी उदासी, झोप व भूक यांत झालेला बदल, अभ्यासातील अचानक घसरण, मित्रांपासून दूर राहणे, किंवा जगणे नकोसे झाल्याची भाषा ही लक्षणे दिसताच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जगणे नकोसे झाल्याचे बोलणाऱ्या मुलाला एकटे सोडू नये. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेली-मानस सेवेकडून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मार्गदर्शन मिळते.

घरातील कलह किंवा दारिद्र्य शाळेला मिटविता येत नाही. परंतु वाचनात मागे पडलेल्या मुलाला वेळीच मदत करणे, वर्गातील छळ थांबविणे आणि प्रत्येक मुलाला आपले म्हणता येईल असे एक तरी मोठे माणूस शाळेत मिळवून देणे, या गोष्टी शाळेच्या आटोक्यातील आहेत. त्यांमुळे मुलावरील धोक्याचा एखादा घटक कमी होतो आणि त्याच वेळी एक तारक घटक वाढतो.