आत्महत्येचा धोका : मनातले मोजता येते का?

मनोविकारतज्ज्ञाला रोज जे प्रश्न विचारावे लागतात त्यांतला सर्वांत अवघड प्रश्न असा : "जिवाचे काही बरेवाईट करून घ्यावे, असे मनात येते का?" आणि त्याचे बहुतेक वेळा मिळणारे उत्तर असे : "नाही हो डॉक्टर, तसे काही नाही." हे उत्तर पुष्कळदा खरे असते. परंतु काही वेळा ते खरे नसते, आणि ते नेमके कोणत्या वेळी नसते हे चेहरा पाहून ओळखण्याची विद्या इतक्या वर्षांच्या व्यवसायात मला अवगत झालेली नाही. ती कोणाला अवगत असेल असेही मला वाटत नाही.

माणूस 'नाही' का म्हणतो? कारणे साधी असतात. बाहेर बाकावर सासू किंवा भाऊ बसलेला असतो. गावात कळेल, बहिणीचे लग्न मोडेल, दवाखान्यात कोंडून ठेवतील, अशी धास्ती असते. आपल्याकडे त्यात पोलिसांची भर. आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या ३०९ व्या कलमाने गुन्हा होता. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यात अमलात आला, त्याने हे कलम बोथट केले. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे धरून चालावे, असे तो कायदा सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलम उरलेलेच नाही. पण कायदा बदलला म्हणून लोकांच्या मनातली भीती जात नाही.

याशिवाय आणखी एक प्रकार असतो. काही माणसे लपवत नाहीत. त्यांना स्वतःलाच ठाऊक नसते. सकाळी दवाखान्यात असताना मन शांत असते, 'नाही' हे उत्तर त्या घटकेपुरते प्रामाणिक असते, आणि रात्री त्याच मनाची अवस्था निराळी होते.

हे प्रमाण किती असावे? अमेरिकेतील एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. बुश, फॉसेट आणि जेकब्ज या डॉक्टरांनी अशा ७६ रुग्णांचे कागद तपासले, की ज्यांनी रुग्णालयात दाखल असताना किंवा घरी सोडल्यानंतर लगेच आत्महत्या केली होती. शेवटच्या बोलण्याची नोंद ज्यांच्या बाबतीत सापडली, त्यांपैकी ७८ टक्के रुग्णांनी 'असा विचार मनात नाही' असेच सांगितले होते. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली असलेल्यांची ही कथा, मग घरातल्या माणसांना काय कळणार?

म्हणून संशोधकांनी वेगळी वाट धरली. माणसाला न विचारता, त्याच्या मनात 'मी' आणि 'मरण' या दोन गोष्टी एकमेकींना किती चिकटलेल्या आहेत, हे मोजता येईल का? या वाटेवर निघालेल्या चाचणीची माहिती आज करून घेऊ.

आधी घरी करून पाहण्यासारखा एक निरुपद्रवी खेळ. कागदाच्या चाळीस चिठ्ठ्या करा. दहांवर फुलांची नावे लिहा : मोगरा, शेवंती, झेंडू वगैरे. दहांवर किड्यांची : डास, झुरळ, ढेकूण, गोम. दहांवर गोड शब्द : सुख, सण, मैत्री. उरलेल्या दहांवर कडू शब्द : दुर्गंध, भांडण, रोग. चिठ्ठ्या पिसून घ्या. पहिल्या वेळी फुले आणि गोड शब्द डावीकडे टाका, किडे आणि कडू शब्द उजवीकडे. घड्याळ लावा. दुसऱ्या वेळी पुन्हा पिसून, किडे आणि गोड शब्द डावीकडे, फुले आणि कडू शब्द उजवीकडे. दुसऱ्या वेळी हात अडखळतो, चुका होतात, वेळ जास्त लागतो. कारण उघड आहे. मनात ज्या दोन गोष्टी आधीच शेजारी बसलेल्या असतात त्यांना एका ढिगात टाकणे सोपे जाते. ज्या लांब असतात त्यांना एकत्र आणायला मन कुरकुरते. ही कुरकुर घड्याळात दिसते.

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ अँथनी ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली या तत्त्वावरची चाचणी प्रसिद्ध केली आणि तिची सुरुवातही फुले व किडे यांपासूनच झाली होती. तिचे नाव 'इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट'; मराठीत आपण 'अव्यक्त सहसंबंध चाचणी' म्हणू. चिठ्ठ्यांऐवजी संगणकाच्या पडद्यावर एकेक शब्द येतो आणि डावी किंवा उजवी कळ दाबायची असते. वेळ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. काही माणसे मुळातच सावकाश असतात, काहींचा वेग कमी-जास्त होत राहतो. म्हणून दोन फेऱ्यांतील सरासरी वेळेचा फरक त्या माणसाच्या स्वतःच्या चढउताराने भागून गुण काढले जातात. या चाचणीच्या वाढीत ज्यांचा मोठा वाटा आहे त्या हार्वर्ड विद्यापीठाच्या प्राध्यापिका महजरीन बानाजी या मूळच्या सिकंदराबादच्या, उस्मानिया विद्यापीठात शिकलेल्या, हे जाता जाता सांगायला हरकत नाही.

आत्महत्येच्या प्रश्नाला ही चाचणी लावली ती हार्वर्डच्याच मॅथ्यू नॉक यांनी, बानाजी यांच्या साथीने. येथे फुले-किडे नाहीत. एका बाजूला जगण्याचे शब्द : जिवंत, श्वास, तगणे. दुसऱ्या बाजूला मरणाचे : मृत, निर्जीव, आत्महत्या. त्यांच्याबरोबर 'मी, माझे, स्वतः' आणि 'ते, त्यांचे, इतर' असे शब्द. एका फेरीत 'मी' आणि जगणे यांची कळ एक, दुसऱ्या फेरीत 'मी' आणि मरण यांची कळ एक. सगळे मिळून पाचेक मिनिटांचे काम. बहुतेक माणसांना 'मी' आणि 'जगणे' ही जोडी सोपी जाते. ज्यांना 'मी' आणि 'मरण' ही जोडी जास्त झटपट जमते त्यांच्याकडे लक्ष वेधले जाते. शब्द इतक्या वेगाने येतात, की उत्तर घडवून सांगायला फारसा अवसर राहत नाही. तोंडाने 'नाही' म्हणणे जितके सोपे, तितके हे सोपे नाही.

त्यांचा महत्त्वाचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. मानसिक त्रासासाठी तातडीच्या विभागात आलेल्या १५७ रुग्णांना ही चाचणी दिली गेली. रुग्ण पुढे असे काही करील का, याविषयी खुद्द रुग्णाचा आणि त्याच्या डॉक्टरचा अंदाजही घेतला, आणि मग सहा महिने पाठपुरावा केला. ज्यांच्या मनात 'मी' आणि 'मरण' यांची जोडी घट्ट होती त्यांच्यात पुढील सहा महिन्यांत आत्महत्येचा प्रयत्न होण्याची शक्यता, संख्याशास्त्राच्या हिशेबाने, सुमारे सहापट निघाली. नैराश्य आहे का, पूर्वी प्रयत्न केला होता का, डॉक्टर काय म्हणतात, रुग्ण काय म्हणतो, या सगळ्यांपेक्षा चाचणीने जास्त सांगितले. आमच्या शास्त्रात, जिथे रक्त तपासून किंवा फोटो काढून काही कळत नाही, तिथे ही बातमी खळबळजनकच होती.

परंतु 'सहापट' हा शब्द ऐकून कोणी हुरळून जाऊ नये. पुढे निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या वयाच्या लोकांवर अभ्यास झाले. काहींत परिणाम मिळाला, काहींत अगदी फिका मिळाला किंवा मिळालाच नाही. नव्या चाचण्यांचे असे होतेच. चाचणी खोटी ठरली असा याचा अर्थ नव्हे. ती एकटी पुरेशी नाही, एवढाच आहे.

दुसरी अडचण गणिताची आहे, आणि ती आत्महत्येच्या प्रत्येक भाकिताला लागू पडते. पोकॉर्नी या डॉक्टरांनी १९८३ साली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या एका रुग्णालयातल्या ४,८०० मनोरुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चार ते सहा वर्षांच्या पाठपुराव्यात त्यांपैकी ६७ जणांनी आत्महत्या केली. सगळे दाखल झालेले रुग्ण, म्हणजे धोका मुळातच जास्त असलेले, तरी ४,७०० हून अधिक लोकांनी ती केली नाही. अशा गर्दीतून ते ६७ आधी निवडून काढायचे म्हटले, तर जाळे बारीक विणले की शेकडो बिनधोक माणसे अडकतात आणि सैल विणले की नेमकी हवी ती निसटतात. पोकॉर्नी यांना हाच अनुभव आला. २०१७ साली फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी पन्नास वर्षांतील ३६५ अभ्यास एकत्र तपासले आणि तोवर वापरात असलेल्या धोक्याच्या खुणांनी केलेले भाकीत नाणे उडवून केलेल्या भाकितापेक्षा जेमतेमच बरे, असा निष्कर्ष काढला.

मग या चाचणीचा उपयोग काय? मला ती रक्तदाबाच्या यंत्रासारखी वाटते. रक्तदाब वाढला म्हणजे अमक्या तारखेला पक्षाघात होणार असे कोणी म्हणत नाही. पण तो वाढलेला दिसला की डॉक्टर सावध होतो, बाकीच्या गोष्टी पाहतो, रुग्णाला लवकर परत बोलावतो. चाचणीचा आकडा वाकडा आला, तर त्या माणसाजवळ आणखी पाच मिनिटे बसावे. आकडा चांगला आला म्हणून त्याला निर्धास्त घरी पाठवावे, असा उलटा उपयोग मात्र कोणी करू नये. नोकरी देताना, लग्न जुळवताना, विमा उतरवताना अशा आकड्यांचा वापर होऊ लागला तर तो अन्यायच ठरेल. घरातल्या माणसाला संगणकासमोर बसवून करून पाहण्याचीही ही गोष्ट नव्हे.

शिवाय ही चाचणी आपल्या भाषेत उचलून आणणे वाटते तितके सोपे नाही. इंग्रजीतले मरणाचे शब्द मराठीत उतरवून भागणार नाही, कारण आपण मरणाचे शब्द दिवसभर सहज वापरतो. "उन्हाने मेलो बुवा", "काम करून करून मेले मी", "मेल्या, इकडे ये" ही कोकणातली प्रेमाची हाक. या बोलण्यात मरण नसतेच. म्हणजे 'मी' आणि 'मेलो' यांची जोडी एखाद्या आनंदी माणसाच्या जिभेवरही पक्की असू शकते. उलट ज्याच्या मनात खरोखर काही शिजते आहे तो मरणाचा शब्दही उच्चारत नाही. "आता तुम्हीच सगळे बघा", "माझे ओझेच झाले आहे तुम्हाला", "एकदाचे सुटलो म्हणजे बरे" असे काहीतरी म्हणतो. शिवाय वाचायला न येणारे, संगणकाची कळ कधी न दाबलेले रुग्ण आमच्याकडे रोज येतात. त्यांच्या मिलिसेकंदांचा अर्थ काय लावायचा? आपल्या लोकांवर, आपल्या बोलीत पारखून घेतल्याशिवाय परदेशी आकड्यांवर विसंबून राहणे मला पटत नाही.

विचारण्याला मात्र पर्याय नाही, आणि या बाबतीत एक गैरसमज फार खोल रुजलेला आहे. 'विचारले तर नसलेला विचार डोक्यात येईल' असे शिकलेली माणसेही म्हणतात. न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांतल्या २,३४२ विद्यार्थ्यांवर गूल्ड आणि सहकाऱ्यांनी याची परीक्षा घेतली. निम्म्यांना प्रश्नावलीत आत्महत्येविषयी थेट विचारले, निम्म्यांना विचारले नाही. विचारल्यामुळे त्रास वाढला नाही. आधीच खचलेल्या मुलांचा तर उलट काहीसा कमी झालेला दिसला. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला.

तेव्हा घरात कोणी गप्प-गप्प राहू लागले, झोप उडाली, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागले, तर त्याला एकट्याला गाठून स्पष्ट शब्दांत विचारावे, 'असला वेडेपणा करणार नाहीस ना?' असे मात्र विचारू नये, कारण त्या वाक्यातच 'नाही' हे उत्तर भरलेले असते. "जगणे नकोसे वाटते का रे? मरणाचा विचार येतो का?" असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहावे. 'हो' आले तर उपदेश न करता ऐकून घ्यावे, त्याला एकटे सोडू नये, घरातली कीटकनाशके आणि साठलेल्या गोळ्या दुसऱ्याच्या ताब्यात द्याव्यात आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. रात्री-अपरात्री काही सुचेनासे झाले तर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली 'टेलि-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. फोन विनामूल्य आहे, मराठीत बोलता येते, आणि तो रुग्णानेच करायला हवा असे नाही. घरच्या माणसालाही करता येतो.