हाकेला ओ

गेल्या श्रावणातली गोष्ट. दुपारचे साडेतीन-चार वाजले असतील. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती. मी पडवीत आरामखुर्ची टाकून, कानांत रबरी बोंडांचे इअरफोन घट्ट बसवून भीमसेन जोशींचा मुलतानी ऐकत होतो. त्या बोंडांचं मला फार कौतुक. एकदा ती कानांत गेली की पत्र्यावरचा पाऊस बंद, शेजारचा पंप बंद, कोंबड्या बंद. उरतो तो फक्त तानपुरा आणि गवयाचा श्वास. बँकेतून निवृत्त होऊन आम्ही येडगावला राहायला आलो ते शांततेसाठी. त्या शांततेतही मी आणखी एक शांतता विकत आणली होती.

त्याच वेळी घरामागे धुण्याच्या दगडापाशी शेवाळावरून पत्नीचा पाय घसरला आणि ती हातावर पडली. तिला उठता येईना. तिनं हाका मारल्या. मधे एक भिंत आणि एक खोली, फार तर पंचवीस पावलं. माझा विलंबित ख्याल संपून द्रुत सुरू झाला तरी मला पत्ता नव्हता. शेवटी पलीकडच्या टोमॅटोच्या वावरातून शेजाऱ्यांची सून धावत आली आणि तिनं मला खांद्याला धरून हलवलं. मी डोळे उघडले ते कपाळाला आठ्या घालूनच, कुणी समेवर व्यत्यय आणावा तशा!

मनगटाचं हाड मोडलं होतं. दीड महिना प्लॅस्टर. हिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. पहिल्या रात्री दिवा मालवताना एवढंच म्हणाली, "अहो, मी हाका मारत होते."

माणसाला आयुष्यात बऱ्याच गोष्टींचा हिशेब देता येतो. या वाक्याचा मला अजून देता आलेला नाही.

पुण्याहून सूनबाई आली, तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पंधरा दिवसांनी एक खोकं पाठवलं. सोबत चिठ्ठी : 'बाबा, आता हे वापरा. कान उघडे राहतात.' आत एक विचित्र वस्तू. डोक्यामागून जाणारी एक लवचिक तार, कानांवर अडकवायचे दोन आकडे आणि त्यांच्या टोकाला सुपारीएवढ्या दोन डब्या. त्या कानांत घालायच्या नाहीत, कानांवर झाकायच्याही नाहीत. कानाच्या पुढे, गालाच्या हाडावर टेकवायच्या. बोन कंडक्शन हेडफोन. म्हणजे हाडातून ऐकायचं यंत्र. मला आधी ही थट्टाच वाटली. ज्या घरात नुकतंच हाड मोडलं, तिथे गाणंही हाडातून!

पण हाडातून आपण जन्मभर ऐकतच असतो. वाचकांनी हा प्रयोग आत्ताच करून पाहावा. दोन्ही कानांत बोटं घाला आणि ओठ मिटून गुणगुणा. आवाज कमी होण्याऐवजी डोक्यात घुमू लागतो. तो हवेतून येत नाही, कवटीतून येतो. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला हवेतून आणि हाडातून असा दोन्ही वाटांनी पोचतो. म्हणूनच ध्वनिमुद्रित केलेला स्वतःचा आवाज प्रथम ऐकताना प्रत्येकाला परका आणि थोडा पातळ वाटतो. त्यातला हाडातून येणारा भरणा गेलेला असतो.

मनगटाच्या निमित्तानं डॉक्टरांकडे खेपा चालूच होत्या, तेव्हा माझेही कान तपासून घेतले. कानाच्या डॉक्टरांनी एक नादकाटा वाजवून आधी कपाळावर टेकवला, मग कानामागच्या हाडावर आणि मग कानासमोर धरला. कुठे जास्त ऐकू येतं, असं विचारलं. या साध्या तपासण्या वेबर आणि रिने या दोन जर्मन वैद्यकांच्या नावांनी ओळखल्या जातात आणि दीडशेहून अधिक वर्षं त्या चालत आल्या आहेत. हेतू असा की, दोष वाटेत आहे की मुक्कामी, हे कळावं. हवेतून आलेला आवाज कानाच्या पडद्यावर आदळतो. पुढे हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन इवली हाडं त्याची कंपनं आत नेतात आणि गोगलगायीच्या शंखासारख्या कर्णावर्तात त्यांचे मज्जातंतूंसाठी संदेश होतात. कवटीला दिलेलं कंपन ही पडद्याची वाट बव्हंशी टाळून थेट त्या शंखाशी पोचतं. माझ्या बाबतीत दोष मुक्कामी निघाला. वयानुसार वरच्या पट्टीतले बारीक आवाज मला कमी येऊ लागले आहेत. हाडातून ऐकल्यानं ते परत येणार नाहीत, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

ही कल्पना नवी नाही. सोळाव्या शतकातला इटालियन वैद्य आणि गणिती जेरोलामो कार्दानो यानं दातांत धरलेल्या दांड्यातून आवाज ऐकू येतो, हे लिहून ठेवलं आहे. बहिरा होत चाललेला बीथोव्हन पियानोला टेकवलेली काठी दातांत धरून ऐकत असे, असं सांगतात. १९७७ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्ग इथे कानामागच्या हाडात रोवलेल्या छोट्या धातूच्या खुंटीवर श्रवणयंत्र बसवण्याची शस्त्रक्रिया प्रथम झाली. माझ्या डोक्यावरची तार ही त्याच घराण्यातली, फक्त बाजारात उतरलेली.

मी गेले काही महिने ती वापरतो आहे. बँकेची सवय जात नाही म्हणून जमा-नावे दोन्ही बाजू मांडतो.

जमेची पहिली रक्कम म्हणजे उघडे कान. कुकडीवरच्या आमच्या येडगाव धरणातून जो डावा कालवा निघतो, तो पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत पार करमाळ्याकडे जातो. सकाळी मी त्याच्या कडेनं फिरतो. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर कारखान्याकडे निघालेले असतात. पूर्वी ते अंगावर आल्यावर कळायचे. आता बातम्या ऐकता ऐकता मागचा ट्रॅक्टर, सायकलची घंटा, कुणाचा 'राम राम' असं सगळं येतं. दुसरी रक्कम आरामाची. कानाला खाज नाही, मळ आत ढकलला जात नाही, बोंडं टोचत नाहीत. तिसरी रक्कम बोलण्याची. माणसाचं बोलणं या यंत्रातून स्वच्छ येतं. बातम्या, व्याख्यानं, कादंबरीचं वाचन, नातवाचा फोन, यांना त्यात काही कमी पडत नाही.

आता नावे बाजू. पहिल्या दिवशी मी तोच मुलतानी लावला आणि चेहरा पडला. स्वर होते, शब्द होते, पण तानपुऱ्याचा खर्ज कुठेतरी वाहून गेला होता. भरलेल्या घरातलं निम्मं सामान कुणी हलवावं, तसं गाणं. कारण सरळ आहे. खालचे स्वर जोरकस ऐकवायचे तर मोठी हालचाल लागते. सुपारीएवढी डबी कातडीवरून हाडाला किती हलवणार? आवाज वाढवला तर खर्ज येण्याऐवजी गालावर गुदगुल्या होतात. शिवाय कान उघडे असल्यानं हाडातून आलेला खालचा नाद कानाच्या भोकावाटे निसटून जातो. बोटांनी कान बंद केले की तो चटकन भरून येतो. मघाचा गुणगुणण्याचा प्रयोग तोच. पण कान बंदच करायचे तर मूळ मुद्दाच संपला! आणखी एक, कवटी अखंड असल्यानं एका बाजूचं कंपन दुसऱ्या बाजूलाही पोचतं. डावीकडे तबला, उजवीकडे पेटी असा जो ऐसपैस फड असतो, तो जरा आकसतो.

आरामालाही अटी आहेत. चष्म्याची काडी आणि हेडफोनचा आकडा या दोघांना कानामागची तीच जागा हवी असते. तासाभरानं तिथे रग लागते. गालाचं हाड दुखतं. आडवं होता येत नाही, कारण मागची तार उशीत रुतते. थंडीत मफलर गुंडाळला की डब्या जागेवरून सरकतात. घरात शांतता असेल तर माझं गाणं बारीक किणकिणत शेजारच्यालाही ऐकू जातं. उलट नारायणगावच्या एसटी स्टँडवर मला स्वतःलाच काही ऐकू येत नाही आणि बोट आवाज वाढवायला धावतं.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पडदा टाळला म्हणजे कान सुरक्षित, असं बरेच जण समजतात. हंगेरीत जन्मलेले शास्त्रज्ञ गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ साली कर्णावर्तावरच्या संशोधनासाठी नोबेल मिळालं. त्याच्या कितीतरी आधी त्यांनी दाखवलं होतं की, हाडातून दिलेला सूर हवेतून दिलेल्या नेमक्या तोडीच्या सुरानं पुसून टाकता येतो. म्हणजे दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात. मोठ्या आवाजाची झीज होते तीही तिथेच. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांसाठी घातलेली मर्यादा आठवड्याला ८० डेसिबल आणि ४० तास अशी आहे. तीन डेसिबल वाढले की तास निम्मे करायचे. हे गणित हाडालाही लागू आहे.

हे सगळं मांडून मी मनातल्या मनात यंत्र नापास करत आणलं होतं. तेवढ्यात हिच्या हाताची चौकशी करायला एक म्हातारबा आले. जुने ढोलकीवाले. नारायणगावच्या शाखेत होतो तेव्हापासूनची ओळख. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं गाव. यात्रांचा हंगाम आला की फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. हे गृहस्थ त्या राहुट्यांतले. लहानपणापासून एक कान वाहायचा, पुढे दुसराही. पडद्यांना भोकं. आता त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं.

मला काय वाटलं कोण जाणे, मी ती तार त्यांच्या डोक्याला लावली आणि ढोलकी-हलगीची एक जुनी जुगलबंदी सुरू केली. ते एकदम ताठ झाले. मग उजव्या हाताची बोटं मांडीवर हलू लागली. मग डाव्या हाताची. बराच वेळ गेला.

"साहेब," ते मोठ्यानं म्हणाले, "हे तर आतून वाजतंय! घुमारा कमी हाये डाव्या पुडीचा. पण बोल सुटे सुटे आयकाया येत्यात."

जो घुमारा नाही म्हणून मी तोंड वाकडं केलं होतं, तो नाही हे त्यांनाही कळलं होतं. पण त्यांच्या कानांची वाटच बंद, त्यामुळे त्यांच्यासाठी हा मागच्या दारानं झालेला प्रवेश होता. मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं; पडद्याची भोकं बुजवता येतात, श्रवणयंत्रंही हाडावरची असतात. ते हसले. "पूर्वी पण सांगितलं व्हतं वो. पर हंगाम कधी मोकळा भेटला नाय." पुढच्या आठवड्यात मीच त्यांना घेऊन जाणार आहे.

त्या दिवसापासून मी पास-नापासाची भाषा सोडली. कुठल्या कामाला कुठलं साधन, एवढंच पाहतो. गाणं मनापासून ऐकायचं असेल तर कान झाकणारे मोठे हेडफोन लावतो. पण हिला सांगून, ती घरात समोर असताना, तासभर. फिरताना, झाडांना पाणी घालताना, भाजी निवडताना हाडाची तार. अंधार पडल्यावर मात्र काहीच नाही. जुन्नर तालुक्यात ऊस आहे तिथे बिबट्या आहे. रात्री बाहेर पडताना सोबतीनं जा, बॅटरी घ्या, मोठ्यानं बोला किंवा मोबाइलवर गाणी लावा, असं वनखातं सांगतं. हाडातून ऐकलेलं गाणं बिबट्याला ऐकू जात नाही! तेव्हा मोबाइलच खिशात वाजत ठेवतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याच खोक्यावर छापलेली नसते. परवा दुपारी मी हाडाची तार लावून एका कादंबरीचं वाचन ऐकत होतो. हिनं स्वयंपाकघरातून हाक मारली. कान उघडे होते, हाक मला स्वच्छ ऐकू आली. पण प्रकरण रंगात आलं होतं. म्हटलं, एवढं संपू दे. दुसरी हाक आली. आणि श्रावणातली ती रात्र आठवून मी खुर्चीतून जवळजवळ उडी मारूनच उठलो.

काही नव्हतं. डब्याचं झाकण निघत नव्हतं. तिच्या त्या मनगटात अजून पुरता जोर आलेला नाही.

झाकण काढून दिलं. "ऐकू आलं वाटतं," ती म्हणाली. आलं होतं, पहिल्याच हाकेला आलं होतं. ते मी तिला सांगितलं नाही. इथे सांगतो.