तुटलेलं टोक आधी वाचा

गाडीची क्लच केबल एकदा तुटली, तर दोष केबलचा असू शकतो. नवी टाकल्यावर तीही चार-सहा महिन्यांत गेली, आणि तिच्यामागोमाग तिसरीही, तर दोष केबलचा नाही हे नक्की समजावं. अशा वेळी आणखी महागडी, आणखी जाड केबल मागवणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणं आहे. हलक्या स्पोर्ट्स कारच्या मालकांना हा अनुभव वारंवार येतो.

या जातीच्या गाड्यांची मूळ माउली म्हणजे लोटस सेव्हन. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली ती इंग्लंडमध्ये बाजारात आणली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकलेल्या चॅपमन यांचा आग्रह एकच होता: गाडी वेगवान करायची असेल तर आधी तिचं वजन उतरवा. स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, दोन सीटा, आणि चालवायला लागतं तेवढंच सामान. पुढे १९७३ मध्ये या गाडीचे हक्क ग्रॅहम निअर्न यांच्या कॅटरहॅम कार्स या कंपनीकडे गेले आणि सेव्हन आजही बनते आहे. कॅटरहॅम १७० हे तिचं मॉडेल ४४० किलो भरतं. आपली मारुती ८०० साधारण साडेसहाशे किलोंची होती, म्हणजे अंदाज यावा.

सेव्हनच्या अनेक मॉडेलांत क्लच केबलवर चालतो. सायकलच्या ब्रेकला, चेतक स्कूटरच्या क्लचला आणि मारुती ८०० ला असायची तीच ही व्यवस्था. अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन यांनी तिचं पेटंट घेतलं १८९६ साली. आत पिळलेल्या तारांची इनर, बाहेर पोलादी पट्टीच्या वेटोळ्यांचा आउटर, मध्ये प्लास्टिकचं किंवा टेफ्लॉनचं अस्तर आणि इनरच्या टोकाला धातूची गोळी, म्हणजे निपल. इनर ओढली जाते तेव्हा आउटर तितक्याच जोराने दाबला जातो. हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं उलगडत जातं.

तुटलेली केबल म्हणूनच फेकून देऊ नये. ती उजेडात धरून टोकाच्या तारा भिंगाखाली पाहाव्यात. तार तुटण्याआधी बारीक होत गेली असेल तर ती जादा ताणाने तुटली. टोक सपाट, काटकोनात मोडल्यासारखं असेल तर एकाच जागी वाकून वाकून ती थकून तुटली. एका बाजूने घासून चकाकी आली असेल तर कुठेतरी धारदार कड लागते आहे. तारा निळसर पडल्या असतील, टोकाला वितळलेले थेंब असतील, तर प्रकरण उष्णतेचं किंवा विजेचं आहे.

केबल बहुतेक वेळा पेडलच्या बाजूलाच तुटते, त्यालाही कारण आहे. बंदरात होडीचा दोर खुंट्याला दोन-तीन वेढे देऊन एक माणूस धरून ठेवतो. वेढा वाढला की घर्षण वाढतं. केबलच्या वळणांतही तेच घडतं. सगळ्या वळणांची बेरीज १८० अंश आणि घर्षणांक ०.१५ धरला, तर पेडलकडचा ताण क्लचकडच्या ताणाच्या १.६ पट होतो. एक्झॉस्टच्या धगीने अस्तर वितळून घर्षणांक ०.३ झाला, तर तोच ताण अडीच पटींवर जातो. सेव्हनचं बॉनेट इतकं अरुंद की इंजिन, एक्झॉस्ट, स्टिअरिंगचा दांडा आणि केबल एकमेकांना खेटून बसतात. त्यामुळे केबलचा रस्ता आखणं हे खरं काम आहे: वळणं कमी, आणि असतील ती मोठ्या गोलाईची. एक्झॉस्टपासून अंतर ठेवावं, ते जमत नसेल तर उष्णतारोधक वेष्टण घालावं. जाड इनर टाकणं हा उपाय नाही. जाड तारांची केबल वाकताना लवकर थकते. बारीक तारा अनेक असलेली केबल वळणात जास्त टिकते.

यानंतर पेडल पाहावं. पेडलच्या दांड्यामुळे पायाचा जोर चौपट होतो असं धरलं, तर पायाच्या २० किलोंचे केबलवर ८० किलो होतात. क्लच पूर्ण सुटल्यावर पेडल थांबवणारा स्टॉपर नसेल, तर चालकाचा पाय पुढे दाबतच राहतो. क्लचला आणखी सरकायला जागा नसते, आणि पायाच्या ५० किलोंचे २०० किलो थेट केबलवर येतात. एक बोल्ट आणि एक चेकनट लावून हा स्टॉपर बसवता येतो. क्लच सुटल्यानंतर पेडल अगदी थोडंच पुढे जाऊन टेकेल, असा तो लावावा.

निपलही तितकंच महत्त्वाचं. पेडल फिरतं तसं निपलनेही आपल्या खाचेत फिरलं पाहिजे. ते अडकलं की तार त्याच्या तोंडाशी दर वेळी वाकते आणि तिथेच तुटते. अस्तर असलेल्या केबलमध्ये तेल ओतायची गरज नसते, पण निपलला ग्रीसचं बोट हवंच. आणखी एक तपासणी दोघांनी करावी: एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने आउटर जिथे टेकतो तो पत्रा पाहायचा. पत्रा वाकत असेल तर आउटर तिरका होतो आणि इनर त्याच्या कडेवर घासते. तिथे मागून जाड प्लेट मारली की हा प्रश्न संपतो.

आता सर्वांत फसवं कारण. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते चॅसीपासून तुटलेलं असतं. त्या दोघांना जोडते तांब्याची अर्थिंगची पट्टी. क्लचच्या कामासाठी इंजिन उतरवलं आणि परत बसवताना ही पट्टी राहिली किंवा तिच्या टोकाखाली रंग-गंज राहिला, की स्टार्टरचा शंभर अँपियरच्या वरचा प्रवाह परतीची वाट शोधतो आणि क्लच केबलमधून जातो. केबल आतून भाजते, अस्तर वितळतं, तारांचा कस जातो. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी, अशी गत होते: मेकॅनिक क्लच पाहत बसतो आणि दोष विजेत असतो. मल्टिमीटरचं एक टोक इंजिनच्या ब्लॉकला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावून स्टार्टर मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर आधी अर्थिंग नीट करावं.

जड गाडीत पत्रा जाड असतो, जागा मोकळी असते. एखादी हयगय खपून जाते. चॅपमन यांच्या वाटेने बांधलेल्या गाडीत जादा काहीच ठेवलेलं नसतं, म्हणून तिथे प्रत्येक चूक कुठेतरी वसूल होते, आणि बहुधा सगळ्यांत नाजूक भागाकडूनच. नवी केबल बसवणं तासाभराचं काम आहे. त्याआधी रस्ता, स्टॉपर, निपल, पत्रा आणि अर्थिंग या पाच गोष्टी तपासायला एक दुपार द्यावी. त्या नीट असतील तर साधी, कंपनीची केबलसुद्धा वर्षानुवर्षं चालते.