डेटवर या, सुई-दोरा घेऊन!

कॉफी झाली, सिनेमा झाला... आता पुढे काय? या वेळी जोडीने एक गोधडी शिवून बघा!

डेट म्हटलं की काय आठवतं? कॉफी, मूव्ही, लाँग ड्राइव्ह. पुण्या-मुंबईत ठीक आहे हो, पण आपल्या नांदेड-लातुरात? नांदेडला गोदावरीच्या घाटावर जरा टेकावं, तर मागून आवाज येतो, "ही अमक्यांची पोरगी ना गं?" लातुरात गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या एकावरून तरी कुणाचा मामा येणारच!

लग्न ठरलेलं असेल तर पंचाईत आणखी मोठी. बघण्याच्या कार्यक्रमात अर्धा तास, साखरपुड्यात फोटोपुरतं हसू आणि मग रात्री उशिरापर्यंत फोन. पण फोनवर सगळेच गोड बोलतात. समोरचा माणूस खरा कसा आहे, हे कळायचं कसं?

उत्तर आज्जीच्या ट्रंकेत आहे. तिथे घडी घालून ठेवलेली जुनी लुगडी काढा!

हात गुंतलेले, जीभ मोकळी

उन्हाळ्याच्या दुपारी आपल्याकडे दोघी-तिघी मिळून गोधडी शिवायला बसायच्या. समोरासमोर, आपापल्या कडेने. हातात सुई असली की एकमेकांकडे टक लावून बघायची सक्ती नसते, त्यामुळे मनातलं आपसूक बाहेर येतं. डेटला आणखी काय हवं?

यामागे थोडं सायन्सही आहे बरं का! अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या संशोधकांनी २० जोडप्यांवर एक प्रयोग केला. काहींना बोर्ड गेम खेळायला बसवलं, तर काहींना चित्रकलेच्या वर्गात. २०१९ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार दोन्हीकडे ऑक्सिटोसिन, म्हणजे जिव्हाळ्याशी जोडलं जाणारं हार्मोन, वाढलं. सगळ्यात जास्त वाढलं ते चित्रं काढणाऱ्या पुरुषांमध्ये! तेव्हा "हे बायकांचं काम" म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

अशी करा सुरुवात

पहिलीच वेळ असेल तर साधारण तीन बाय चार फुटांची पुरे. (फक्त घरच्यांना "दुपटं शिवतोय" म्हणू नका, भलताच अर्थ निघेल!) दोन्ही घरांतून जुने सुती कपडे मागा. तिच्या आज्जीचं लुगडं, त्याच्या वडिलांचं धोतर, कॉलेजमधला विटलेला कुर्ता. मागायला गेलात की प्रत्येक कपड्याची गोष्ट फुकट ऐकायला मिळते. सासरची खरी ओळख इथूनच होते.

कपडे धुऊन वाळवा. तीन-चार थर सुरकुती न पडू देता पसरा, कोपऱ्यांवर तांब्या-पातेली ठेवा. मोठे कच्चे टाके घालून थर पक्के धरा. वर आवडीचे तुकडे लावा. मग कडेपासून सुरुवात करून आत-आत, दोन-दोन बोटांच्या अंतराने धावदोरा घालत या. एकाने या बाजूने, दुसऱ्याने त्या बाजूने. भेट मध्यावर!

एक नांदेडला आणि दुसरा लातूरला नोकरीला असेल तर? कच्चे टाके घातलेली गोधडी आलटून पालटून दोन्हीकडे न्या, किंवा रविवारी अहमदपूरला एखाद्या नातेवाइकाच्या ओसरीवर भेटा. तसंही या दोन जिल्ह्यांची जोडी जुनीच आहे. उदगीरला विणलेल्या खादीपासून नांदेडला तिरंगे तयार होत आले आहेत.

उसवायची वेळ

खरी गंमत टाका चुकला की सुरू होते. त्याची ओळ वाकडी गेली, तर तो हसतो की चिडतो? ती गुपचूप उसवून स्वतः नीट करते, की "पुन्हा घाल" म्हणते? सुई बोटात घुसली की कोण आधी उठतं? "बायकोनं करावं, आपण चहा प्यावा" असा हिशोब असेल, तर तोही पहिल्याच रविवारी उघड होतो. लग्नाआधी कळलेलं केव्हाही बरं! चुकीचा टाका कच्चा असताना उसवणं सोपं असतं, नात्यातलंही तसंच आहे.

आणि हो, "अहो, ही ओळ उसवता का?" चं "अरे, उसव ना!" कधी होतं, तेवढं लक्षात ठेवा. खरी डेट तिथून सुरू होते.

टिप्स

- टेरिकॉट, नायलॉन नको. सुती कापडातून सुई सहज जाते.
- रंग जाणारं कापड आधी वेगळं भिजवून बघा.
- कोपरे सजवायचे असतील तर किनवट-माहूरकडच्या बंजारा भरतकामासारखे आरसे, कवड्या लावा. फक्त धुताना जपा!
- एका बैठकीत संपवू नका. चार-पाच रविवार पुरवा.
- दारं-खिडक्या उघड्या ठेवून ओसरीवर बसा. चोरून भेटायची गरजच काय? डोकावणाऱ्या काकूंच्या हातातही सुई द्या. पुढच्या वेळी त्याच तुमची बाजू घेतील!