लोकायुक्ताचे अधिकार

कोल्हापूर जिल्ह्यातील कागल हे गाव महाराष्ट्राच्या सीमेजवळ वसलेले आहे. पुण्याहून बेंगळूरकडे जाणारा महामार्ग कागल सोडताच थोड्या अंतरावर कर्नाटकात शिरतो. हद्दीच्या अलीकडे व पलीकडे शेतांत तोच ऊस डोलतो आणि पुष्कळ घरांत तीच मराठी बोलली जाते. परंतु सरकारी कारभाराविरुद्ध दाद मागावयाची झाली, म्हणजे दोन्हीकडचे कायदे निराळे आहेत.

समजा, कागल तालुक्यातील एका शेतकऱ्याचे वडील वारले. सातबाराच्या उताऱ्यावर वारसांची नावे लागावयास हवीत. तो कचेरीत खेटे घालतो; पण ‘उद्या या’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. कोर्टात जावे, तर वेळ आणि पैसा पुरत नाही. अशा माणसाने जावे तरी कोणाकडे?

हा प्रश्न इतर देशांनाही पडला होता. स्वीडनमध्ये १८०९ साली सरकारी कारभारावर देखरेख करणारा एक स्वतंत्र अधिकारी नेमण्याची तरतूद झाली. त्यास ‘ओम्बुड्समन’ म्हणतात. भारतात प्रशासन सुधारणा आयोगाने १९६६ मध्ये अशाच व्यवस्थेची शिफारस केली. महाराष्ट्राने १९७१ मध्ये कायदा केला आणि १९७२ मध्ये देशातील पहिली लोकायुक्त संस्था येथे सुरू झाली.

ह्या कायद्याने लोकायुक्तास साक्षीदारांना बोलावण्याचा व कागदपत्रे मागविण्याचा अधिकार दिला. चौकशीत दोष आढळला, तर तो सरकारास शिफारस करी. सरकारने तिची योग्य दखल घेतली नाही, तर तो राज्यपालांना अहवाल देई आणि तो अहवाल विधिमंडळापुढे ठेवला जाई. तथापि, शिफारस हा हुकूम नव्हे. शिवाय मुख्यमंत्री ह्या चौकशीच्या कक्षेबाहेर होते.

आता हद्दीपलीकडे पाहू. कर्नाटकाने १९८४ मध्ये लोकायुक्ताचा कायदा केला. तेथील लोकायुक्ताच्या हाताखाली पोलीस असतात. कोणी लाच मागितल्याची तक्रार आली, तर ते सापळा रचून त्यास पकडू शकतात. २०११ मध्ये लोकायुक्त संतोष हेगडे यांनी बेकायदा खाणकामाविषयी अहवाल दिला आणि त्यानंतर तेथील मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. पुढे २०१६ मध्ये सरकारने पोलिसांचे हे अधिकार दुसऱ्या खात्याकडे सोपविले. उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो निर्णय रद्द ठरविला आणि ते अधिकार लोकायुक्ताकडे परत आले.

महाराष्ट्रातही लोकायुक्ताचे अधिकार वाढवावेत, अशी मागणी होत राहिली. अण्णा हजारे यांनी त्यासाठी उपोषणे केली. डिसेंबर २०२२ मध्ये विधानसभेने व डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेने नवे लोकायुक्त विधेयक संमत केले. त्यात मुख्यमंत्र्यांनाही चौकशीच्या कक्षेत घेतले आहे. मात्र त्यांची चौकशी करण्यापूर्वी विधानसभेच्या दोन-तृतीयांश मतांची संमती मिळवावी, अशी अट आहे. ही अट असावी की नसावी, ह्याविषयी मतभेद आहेत. खोट्या आरोपांनी राज्यकारभार अडू नये, असे काहींचे म्हणणे. ज्याच्या बाजूने बहुमत असते, त्याची चौकशी मग कधी व्हावी, असे इतर विचारतात.

मग लोकायुक्तास अमर्याद अधिकार द्यावेत काय? तसेही नव्हे. चौकशी करणाऱ्यानेच शिक्षा सुनावली, तर निरपराध माणसास दाद कोठे मागता येईल? म्हणून तपास एकाने करावा आणि न्याय न्यायालयाने द्यावा, हेच इष्ट. परंतु तपास करणाऱ्याचे हात बांधलेलेही नसावेत.

ज्याच्या हाती सत्ता आहे, त्यास प्रश्न विचारण्याचा हक्क लोकशाहीत प्रत्येकास आहे. कचेरीच्या पायरीवर ताटकळणाऱ्या शेतकऱ्यास तो हक्क खरोखर वापरता यावा, ह्यासाठीच लोकायुक्ताच्या पाठीशी कायद्याचे बळ हवे.