मानदुखी आणि फिजिओथेरपी

जयपूरमध्ये रत्नांना पैलू पाडणारे कारागीर फिरत्या चाकावर मान वाकवून तासन्‌तास काम करतात. बँकेत संगणकासमोर बसणाऱ्यांची स्थितीही फारशी वेगळी नसते. प्रौढ माणसाच्या डोक्याचे वजन साधारण ५ किलो असते. ७ मणक्यांची मान सरळ असता हा भार सहज पेलते. ती पुढे झुकली की मागील स्नायूंवर कितीतरी पट ताण पडतो, ते आखडतात व दुखू लागतात.

वेदनाशामक गोळीने दुखणे दबते, कारण मात्र तसेच राहते. फिजिओथेरपीत शेकाने स्नायू सैल केले जातात. मग हनुवटी मागे घेणे, तळहात कपाळावर दाबून मान स्थिर राखणे, खांदे मागे ओढणे असे व्यायाम शिकविले जातात. स्नायूंना बळ येण्यास काही आठवडे लागतात. म्हणून वेदना थांबताच व्यायाम सोडू नयेत. गळपट्टा दीर्घकाळ बांधल्यास स्नायू दुबळे होतात. हात बधिर किंवा अशक्त झाल्यास, चालताना तोल गेल्यास अथवा अपघातानंतर मान दुखू लागल्यास व्यायामापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अनिवार्य समजावा.

संगणकाचा पडदा डोळ्यांच्या पातळीवर ठेवावा आणि दर अर्ध्या तासाने काम क्षणभर थांबवून मान सरळ करावी. उपचाराची खरी सुरुवात तिथूनच होते.